मुद्देमालवाला

"सुखरूप हाय. काळजी नको."

उजवा हात छातीवर ठेवून तो हे म्हणायचा. दवाखान्यात ऑपरेशन झाल्यावर आतून कुणीतरी बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतं, तसा सूर. समोर मात्र पेशंटचे नातेवाईक नसायचे. कुणाची मोटारसायकल चोरीला गेलेली, कुणाची विहिरीवरची मोटार, कुणाच्या बायकोचं मंगळसूत्र. आम्ही ते शोधून आणलेलं असायचं आणि पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला असलेल्या एका खोलीत ते कोर्टाच्या हुकमाची वाट बघत पडलेलं असायचं. त्या खोलीची किल्ली या माणसाच्या कमरेला.

'आम्ही' म्हटलं खरं, पण मला 'मी' म्हणायचं होतं. ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात मी हवालदार होतो. चोराचा माग काढायचा, त्याच्या पाठीमागं धावायचं, त्यानं लपवलेला माल काढून आणायचा, हे माझं काम. आणलेला माल नीट ठेवायचा, हे त्याचं. आता तुम्हीच सांगा, दोघांत अवघड काम कुणाचं? आणि लोक पाया कुणाच्या पडायचे?

आमच्याकडं माणसाला त्याच्या टेबलाच्या नावानं हाक मारतात. टपाल नोंदवणारा तो 'ए बारनिशी', गुप्त बातम्यांचा तो 'ओ गोपनीय'. आमच्या पथकाला डीबी म्हणतात, म्हणून मी डीबी. तो मुद्देमाल. त्याचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते मी कधी तोंडानं घेतलं नाही आणि इथंही घेणार नाही. 'इतका मुद्देमाल हस्तगत' हे शब्द तुम्ही बातम्यांत वाचता. हस्तगत झाल्यावर त्या वस्तूंचं काय होतं, हे बातमीत कधी नसतं. त्या सगळ्या या माणसाच्या ताब्यात जातात आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतात.

पोलीस ठाण्यात कधी कामाला गेला असाल तर आवारात गंजलेल्या गाड्यांचा ढीग तुम्ही पाहिला असेल. चाकांमधून झुडपं उगवलेली असतात, सीटवर कुत्री झोपतात. आमच्या आवारातल्या गाड्यांमधून झुडपं उगवत नसत. हा रोज सकाळी येऊन ती उपटायचा. खोलीत रॅकवर पांढऱ्या कापडात शिवलेली गाठोडी, प्रत्येकावर लाखेचं सील आणि सुतळीनं बांधलेलं लेबल. एका कोपऱ्यात कोयते आणि तलवारी, दुसऱ्यात हातभट्टीच्या बाटल्या. त्या वासावर उपाय म्हणून त्यानं सगळीकडं कडुलिंबाचा पाला पसरलेला असायचा, त्यामुळं खोलीला दारूचा आणि पाल्याचा मिळून एक तिसराच वास यायचा. एखाद्या गाठोड्याची कोर्टात तारीख लागली की हा त्याच्यावर दोनदा थोपटायचा आणि म्हणायचा, "चला, उठा. तारीख आली." मी एकदा विचारलं, ते ऐकतं का? तर म्हणाला, "न्हाई ऐकत. पर आपन न सांगता उचलायचं, हे बरं दिसत न्हाई."

त्याची तक्रार म्हणून मी एकच ऐकली. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा जुनं नाव छापलेल्या लेबलांचा गठ्ठा त्याच्याकडं शिल्लक होता. तो टाकून द्यायला त्याचा जीव होईना. मग प्रत्येक लेबलावर जुन्या नावावर आडवी रेघ मारून वर 'अहिल्यानगर' लिहीत बसायचा. अक्षर मात्र दागिन्यासारखं. तेही मला खुपायचं, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही.

एकदा मी चोरीच्या शेळ्यांनी भरलेला टेम्पो पकडला. मालकाची ओळख पटून कोर्टाचा हुकूम येईपर्यंत शेळ्या ठाण्याच्या आवारात. यानं प्रत्येकीच्या गळ्यात लेबल बांधलं. सकाळी बघतो तर एका शेळीचं लेबल गायब, सुतळी तेवढी लोंबतेय. शेजारणीनं ते खाल्लं होतं. दुसरा कुणी असता तर गुपचूप नवं लेबल बांधून मोकळा झाला असता. यानं दोन पंच बोलावले आणि रीतसर लिहून काढलं: 'सदर शेळीचे लेबल शेजारील शेळीने खाल्ल्याने नवीन लेबल लावण्यात येत आहे.' साहेब वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच शेळ्यांतली एक दुभती होती. आमच्या पथकातल्या पोरांनी तांब्या घेतला आणि निघाली चहाचं दूध काढायला. हा आडवा उभा.

"दूध काढायचं न्हाई."

"का बरं?"

"शेळी मुद्देमाल हाय. मग दूध बी मुद्देमालच की."

"मग ते काय सील करून ठेवणार का, मुद्देमाल?" मी म्हणालो. सगळे हसले. तो हसला नाही. त्यानं त्या शेळीवर हक्क सांगणाऱ्या म्हातारीला निरोप धाडला, आणि ती रोज सकाळी येऊन आपल्या शेळीचं दूध काढून घेऊन जाऊ लागली. आम्ही कोरा चहा प्यालो. म्हातारी जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. शेळ्या धरल्या मी. तिला ते सांगायचं कुणाला सुचलं नाही, मलाही ते स्वतःच्या तोंडानं सांगता येईना.

विहिरीवरच्या मोटारी चोरणारी एक टोळी होती. त्यातल्या एकाच्या मागं मी उभ्या उसात शिरलो. उसाच्या पात्यानं तोंड फाटतं, ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. शेवटी पाटात पाय मुरगळला, पण माणूस सोडला नाही. पुढं कोर्टाचा हुकूम आला तेव्हा मोटारीचा मालक बायकोला घेऊन मोटार न्यायला आला. त्यांनी मोटारीला हार घातला, कुंकू लावलं. मग बाईनं मुद्देमालवाल्याला कुंकू लावलं आणि त्याच्या हातात नारळ दिला. मी बाजूच्या बाकावर पायाला पट्टी बांधून बसलो होतो. निघताना शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, "तुमचं काय चोरीला गेलंय?"

हे असंच चालायचं. शिर्डीला दर्शनाला आलेल्या कुठल्या दूरच्या बाईची पर्स आमच्या हद्दीत सापडली, तर तिनं घरी पोचल्यावर लाडवांचा डबा पाठवला, वर पत्ता: 'मुद्देमाल साहेब'. वरिष्ठांच्या हस्ते दागिने परत देण्याचा कार्यक्रम झाला, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: साहेब, बाई, आणि मधे ताट धरून हा. डाव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं. बायकोनं ते कात्रण कापून ठेवलंय, आणि पाहुण्यांना कोपर दाखवून सांगते की हे आमचे.

मी जळायचो. साधा सरळ जळायचो. त्याला ते कळायचं की नाही कोण जाणे. रोज सकाळी तो मला नमस्कार करून विचारायचा, "काय डीबी, आज काय आनताय?" जसं काही मी बाजाराला निघालोय आणि पिशवी त्याच्या घरी रिकामी करणार आहे.

इथपर्यंतचं जळणं सोसण्यासारखं होतं. पुढं ते माझ्या घरात शिरलं.

माझी आई पाथर्डीकडची. ती आणि वडील ऊसतोडीला इकडं गोदावरीच्या पट्ट्यात यायचे. पुढं कारखान्याजवळच राहिले. वडील गेल्यावर ती माझ्याकडं पोलीस लाईनीत आली. तिच्या गळ्यात कायम बोरमाळ असायची, लाल दोऱ्यात ओवलेल्या सोन्याच्या पोकळ मण्यांची. बेलापूरला भाचीच्या लग्नाला निघाली असताना एसटीत चढायच्या गर्दीत कुणीतरी ती हिसकली. पोलिसाच्या आईची माळ, तीही मुलाच्याच हद्दीत. ठाण्यात माझ्याकडं बघून कुणी उघड हसत नव्हतं एवढंच.

घरचं प्रकरण म्हणून तपास दुसऱ्या फौजदाराकडं दिला, पण चोर मीच धरला. बाजारतळावर, भर गर्दीत, कॉलरला. त्यानं सोनाराचं दुकान दाखवलं. तिथं माळ नव्हती. सोनारानं मणी कापून आटवले होते आणि सोन्याची एक लगड करून ठेवली होती. पायाशी भंगाराच्या डब्यात माळेचा लाल दोरा पडलेला होता. मी फौजदारांना म्हणालो, "दोरा राहू द्या साहेब, काय करायचाय?" पण नव्या कायद्याप्रमाणं जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण चालू होतं आणि दोरा त्यात दिसला होता. म्हणून तोही घ्यावा लागला.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "सोनं मिळालं. गुंजभरही कमी नाही."

ती इरकल नेसून ठाण्यात आली. मी तिला मागच्या खोलीपाशी नेलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकायचं होतं. ज्याला त्याला वाटतो, शेळीवाल्या म्हातारीला वाटतो, तेच दोन शब्द माझ्या आईला, माझ्या देखत. त्याचा हात छातीकडं निघालाही. मग मधेच थांबला आणि खाली आला.

"मावशी," तो म्हणाला, "सोनं हाय. माळ न्हाई."

"म्हंजी?"

"आटवली त्यांनी. लगड हाय आता."

आई उंबऱ्याबाहेरच्या बाकावर बसली. पदराचा शेव तिनं गळ्याशी धरला. मी त्याला बाजूला ओढलं. "दोन शब्द बोलायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" मी म्हणालो. तो म्हणाला, "डीबी, माळ सुखरूप न्हाई. मी कसं म्हनू?" मला वाटलं, याला माझ्यावरचा काही सूड उगवायचा आहे. सूड कशाचा ते मात्र सापडेना, कारण जळत होतो मी, तो नव्हे.

खरी पंचाईत पुढं झाली. सोनं परत मागण्याच्या अर्जावर आई अंगठा करीना. "माझी माळ गेली," ती म्हणायची. "ही कुनाची लगड हाय, मला काय म्हाईत? उगं कुनाचं सोनं माझं म्हनू?" मी समजावलं, बायकोनं समजावलं, फौजदारांनी समजावलं. तिचं एकच. आता हे नीट लक्षात घ्या, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. चोराला माळ ओढताना कुणी पाहिलेलं नव्हतं. कोर्टात आईनं वस्तू ओळखली नाही, तर माळ त्यानंच चोरली हे ठरणार नाही. चोर सुटणार, सोनं सरकारजमा होणार, आणि मी माझ्या आईचं काहीच परत आणलं नाही असं होणार.

आणि आई काय करायची? बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन परत येताना ठाण्यात शिरायची आणि त्या बाकावर जाऊन बसायची. खोलीत बाहेरच्या माणसाला जायला बंदी, म्हणून ती उंबऱ्याच्या अलीकडं, तो खुर्ची टाकून पलीकडं. सुरुवातीला वाटलं, लगड एकदा बघायला मिळावी म्हणून जात असेल. पण सील फोडता येत नाही हे त्यानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी ती जायचीच. पुढं पुढं तिच्या पिशवीत फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असायची. त्याच्यासाठी. माझ्या डब्यात त्या दिवशी पोळी आणि बटाटा.

मी काहीतरी कागद घेऊन मुद्दाम तिकडून जायचो. आई बोलत असायची, तो हनुवटीवर हात ठेवून ऐकत असायचा. मी जवळ आलो की दोघं थांबायची. पलीकडं गेलो की मागून त्याचा आवाज यायचा, "मंग, मावशी? पुढचा मनी?"

मी एकदा चिडून त्याला विचारलंच, काय एवढं बोलता?

"माळंचं सांगती," तो म्हणाला. "मला आई आठवत न्हाई, डीबी. लई ल्हान हुतो. ऐकाया बरं वाटतं."

तरी माझं मन काही निवळलं नाही. आई नाही म्हणून दुसऱ्याची घ्यायची, असं थोडंच असतं?

मग तो टपरीवरचा दिवस आला. आम्ही दोघं चहा पीत उभे होतो. तो आपलं सहज बोलल्यासारखं म्हणाला, "तुमची थोरली बहीन असती तर आज मावशीला लई आधार झाला असता."

"कोण बहीण?"

माझ्या तोंडाकडं बघून त्याला सगळं कळलं. "तुमाला म्हाईत असंल असं वाटलं," तो पुटपुटला, आणि अर्धा चहा टाकून निघून गेला.

घरी आई मेथी निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"हुती. हंगामात झाली, कोपीत. त्या साली थंडी लई पडली. पाचटाच्या कोपीत काय उबारा ऱ्हातो? गेली." तिनं एक जुडी बाजूला ठेवली. "तुझा बाप हंगाम सरला की एक मनी आनायचा. त्या सालीबी आनला. मी म्हनलं, आता कशाला? तर म्हनला, तिचा म्हनून ऱ्हाऊ दे. तिच्यामागचा मनी तुझा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कदी इचारलंस?" आता तिनं वर बघितलं. "साऱ्या मुलखाला इचारत फिरतो, कुटं हुतास, काय नेलंस. मला काय इचारलंस आजवर?"

बहीण गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी आला तो संताप. मला बहीण होती हे एका हवालदाराला माझ्याआधी ठाऊक होतं. माझ्या वडिलांनी मेलेल्या पोरीसाठी मणी आणला होता, तो मणी मी लहानपणी मांडीवर बसून तोंडात घातला असेल, आणि ही गोष्ट आईनं कडुलिंबाच्या पाल्याच्या वासात बसून एका परक्याला सांगितली. त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. आणलेला माल टेबलावर आदळायचो. तो उचलून घ्यायचा आणि लेबल बांधायचा.

खटला उभा राहिला. मी साक्षीदार, म्हणून आईची साक्ष चालू असताना मला आत बसायची परवानगी नाही. नियमच तसा आहे. मी व्हरांड्यात बाकावर, आणि मुद्देमाल घेऊन आलेला हा माणूस आत. म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग मी पाहिलेला नाही, त्यानं पाहिला. मला तो कोर्टाचं काम बघणाऱ्या आमच्या एका हवालदारानं सांगितला, तोही वडापाव खात.

सरकारी वकिलांनी लगडीचं पाकीट फोडून आईसमोर धरलं. "हे सोनं तुमच्या माळेचं आहे का?"

"मला न्हाई सांगता यायचं, सायेब. माझी माळ हुती. हे काय हाय?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. आरोपीचे वकील खूश. तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या मुद्देमालवाल्यानं कोर्टाच्या शिपायाकडून वकिलांपुढं एक दुसरं पाकीट सरकवलं. छोटं, पण तसंच कापडात शिवलेलं, तसंच लाखेचं सील. आत तो दोरा. जप्तीच्या कागदात त्याच्या नावापुढं किंमत नाही असंच लिहिलेलं होतं, म्हणून वकिलांनी तो मागवलाच नव्हता. यानं मात्र त्याला वेगळं पाकीट, वेगळं लेबल केलं होतं. त्याची पद्धतच होती ती. सरकारनं किंमत लावली नाही म्हणून वस्तू वस्तूच नाही, हे त्याला पटत नसे.

दोरा आईच्या हातात दिला. सोनारानं मणी कापून काढले होते, त्यामुळं दोरा अखंड होता. आणि त्याला गाठी होत्या. सुरुवातीला मणी थोडे, ते दोऱ्यावर इकडंतिकडं घरंगळू नयेत म्हणून आई प्रत्येक मण्यामागं स्वतः गाठ मारायची. मणी गेले होते, गाठी जागच्या जागी होत्या. आईनं दोरा बोटांत घेतला आणि एकेक गाठ चाचपत, कुणी न विचारता, बोलायला लागली. ही लग्नानंतरची. ही गाडीचा बैल मेला त्या सालची. ही पोरीची. ही माझ्या पोराची, ह्यो भाईर बसलाय त्याची. आरोपीच्या वकिलांनी मधे हरकत घेतली, तर न्यायाधीशबाई म्हणाल्या, त्यांना बोलू द्या.

"मग दोरा तुमचाच?"

"व्हय, माझाच."

"आणि सोनं?"

"ह्या गाठींचं असंल तर माझंच."

चोराला शिक्षा झाली. बाहेर आल्यावर मी मुद्देमालवाल्याला धरलं. गाठींचं तुला ठाऊक होतं ना? आई तुझ्याजवळ महिनोन् महिने बसत होती, दोरा तिथंच दोन हातांवर होता, मग तिला सांगितलं का नाहीस?

"साक्षीदाराला आधीच सांगून ठिवलं, तर मंग ती वळख कसली?" तो म्हणाला. "आन मला तरी कुटं खात्री हुती? मी गाठी ऐकल्या हुत्या. मोजून बघाया सील फोडावं लागलं असतं." मग कमरेची किल्ली चाचपत म्हणाला, "लई जड गेलं पर. दर बाजाराला वाटायचं, सांगून टाकावं."

अपिलाची मुदत संपल्यावर वस्तू परत मिळाल्या. बायकोनं लगडीच्या पाटल्या केल्या, आईनं हरकत घेतली नाही. तिला दोरा तेवढा हवा होता. तो त्यानं कागदात गुंडाळून तिच्या ओंजळीत ठेवला, तेव्हा तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. माझ्या लग्नात नवरदेव म्हणून माझ्यावरून मोडली होती, त्यानंतर आजच. मी बाजूला उभा होतो. माझ्याकडं वळून ती म्हणाली, "चल, रिक्षा बघ."

आता वस्तू मिळाली, आता जाणं थांबेल, असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. बाजाराच्या दिवशी भाकरी जायचीच.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. रजेवर गावी गेला होता, दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही. साहेबांनी त्याच्या खोलीचा ताबा माझ्याकडं दिला, कारण माझा पाय आता धावण्यासारखा राहिलेला नाही. ताबा घेताना प्रत्येक गाठोडं तपासावं लागतं. मी तपासलं. कुठंतरी काहीतरी चुकलेलं सापडावं असं मला फार वाटत होतं. काही सापडलं नाही. लोक येतात, मला बघून जरा थबकतात आणि विचारतात, "ते पहिले मामा कुठंयत?"

आईला सांगायला मी बातमी आली त्याच दिवशी घरी गेलो होतो. ती ओट्यावर सावलीला बसली होती. ऐकून घेतलं, रडली नाही. आत गेली आणि डब्यातून तो लाल दोरा काढून आणला. शेवटच्या गाठीच्या पुढं बोटभर दोरा मोकळा होता. तिथं ती नवी गाठ मारू लागली.

"ही कुणाची?" मी विचारलं, कळलं होतं तरी.

"त्याची."

"माझ्याहून वयानं मोठा होता तो."

"असंल. गाठ तुझ्यामागं आली. धाकटा."

माझ्यासाठी वडिलांनी मणी आणला होता. याच्यासाठी मणी नव्हता, नुसती गाठ होती, तरी मला ती माझ्यापेक्षा जास्त वाटली. हे दुःख होतं की जळणं, ते मला वेगळं करता येईना. आईच्या हाताला आता कंप सुटतो. फास दोनदा निसटला. मग तिनं दोऱ्याचं दुसरं टोक माझ्यापुढं केलं.

"धर. ढिलं सोडू नको."

मी खाली बसलो, टोक बोटाला गुंडाळलं, आणि तिची गाठ बसेपर्यंत दोरा ताणून धरला.